मिरजेत दात साफ करून घेतले, आणि जाता जाता त्यांचा टबही तपासला

आधी घाईतल्या लोकांसाठी. वरचे-खालचे सगळे दात साफ करून वर पॉलिश, १,२०० रुपये. खुर्चीत ५० मिनिटं. दुखलं म्हणावं असं एकाच जागी, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला. घरी आल्यावर दोन दिवस गार पाणी लागलं की सणक जायची. परत जाणार का, तर जाणार. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कुठे गेला ते शेवटाकडे येईल, आणि त्यात डॉक्टरांची चूक कमी, एका टबाची जास्त.

आता सविस्तर. थोडक्यात सांगणं मला जमत नाही असं आमच्या ह्यांचं मत आहे.

दवाखाना मिरजेत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या १८, कठडा मात्र धड आहे. नाव देत नाही, कारण डॉक्टरच म्हणाली, "काकू, लिहायचं ते लिहा, पण माझं नाव नको. जाहिरात केल्यासारखं दिसतं." दुसरं म्हणजे, ओळखीतली आहे म्हणून कौतुक चाललंय असं कुणी म्हणायच्या आत मीच सांगते, आहेच ओळखीतली. बारावीला आमच्या लॅबमध्ये होती. मी शिकवत नव्हते. ३१ वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आधी ज्युनिअरला, मग सीनिअरला. उपकरणं काढून द्यायची, मांडून द्यायची आणि मोडलेली गुपचूप कपाटात सारणारी पोरं पकडायची. हिने वजनं जास्त लावून सोनोमीटरची तार तोडली होती. मला आठवत होतं, तिलाही. खुर्ची मागे आडवी करता करता म्हणाली, "आज तार तोडत नाही हं, काकू."

दात साफ करून आठ वर्षं झाली होती. ती आठ वर्षं का गेली ते सांगते, कारण तशीच भीती बऱ्याच जणांना असते.

भाचीकडे गेले होते, दुसऱ्या शहरात. तिच्या घराखालीच दवाखाना. डॉक्टर तरुण, यंत्र नवं कोरं. बीपीची गोळी चालू आहे का, एवढंही विचारलं नाही. पाण्याचा फवारा अगदी बारीक ठेवलेला. पाणी जास्त सोडलं की तोंडात साचतं, ते ओढायला कुणीतरी नळी धरून उभं राहावं लागतं, आणि नळी धरणारी बाई चहाला गेलेली. तीन-चार दात झाले असतील, टोक इतकं तापलं की हिरडीला चटका बसला. मी हात वर केला. "थोडं सहन करा, आजी." तेव्हा मी ५८ वर्षांची होते. अर्धा जबडा तसाच टाकून उठले. पैसे पूर्ण घेतले.

चटका का बसला हे मला खुर्चीतच कळलं होतं. दात साफ करायचं यंत्रही अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू येणार नाही इतक्या वेगाने थरथरणारं, आणि पाणी कमी पडलं की त्याचं टोक तापतं. राग त्याचाच जास्त आला.

आमच्याकडे बी.एस्सी.च्या पोरांना अल्ट्रासोनिक इंटरफेरोमीटरचा प्रयोग असायचा. धातूचं एक छोटं भांडं, त्याच्या तळाशी क्वार्ट्झचा स्फटिक. तो २ मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २० लाख वेळा थरथरतो. माणसाचा कान फार तर २० हजारांपर्यंत ऐकतो, त्यामुळे सगळं चिडीचूप. वर मायक्रोमीटरच्या स्क्रूने वर-खाली होणारी एक चकती. स्क्रू फिरवत गेलं की मीटरचा काटा चढतो, पडतो, परत चढतो. दोन चढांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, भांड्यात पाणी असेल तर साधारण ०.३७ मिलिमीटर. त्यावरून पाण्यातला ध्वनीचा वेग काढायचा. उत्तर सेकंदाला १,५०० मीटरच्या आसपास आलं की सर सही करायचे. १,५०० सगळ्यांना आधीच माहीत असल्यामुळे सगळ्यांचं तेवढंच यायचं, ते सोडा. त्याच कपाटात दुसऱ्या एका प्रयोगाचं सामान होतं. द्रवात अशा लहरी उभ्या केल्या की त्यातून जाणारा प्रकाश जाळीतून गेल्यासारखा पट्ट्यापट्ट्यांत फुटतो. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळुरात त्याचा सिद्धांत मांडला, हे सांगताना आमच्या विभागप्रमुखांची मान दरवर्षी तेवढीच ताठ व्हायची.

तर त्या इंटरफेरोमीटरवर मी माझ्या हाताने एक चिठ्ठी चिकटवली होती: "भांड्यात द्रव भरल्याशिवाय बटण दाबू नये." कोरडा चालवला की स्फटिक बिघडतो. ३१ वर्षांत ती चिठ्ठी चार वेळा बदलली, मजकूर तोच.

ह्यांच्या नोकरीतही तेच. हे रेल्वेत, रूळ तपासणाऱ्या टोळीत. रुळाच्या पोटात चीर पडली असेल तर वरून दिसत नाही. म्हणून एक हातगाडी रुळावरून ढकलत न्यायची. तिच्या तळाला प्रोब, एक सरळ खाली लहर सोडणारा, दुसरे ७० अंशांत पुढे-मागे तिरके. चीर असली की तिथून प्रतिध्वनी परत येतो आणि पडद्यावर टोक उभं राहतं. गाडीवर पाण्याची टाकी असते. प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा ओघळ नसेल तर लहर लोखंडात शिरतच नाही, मधल्या हवेच्या पापुद्र्यावरून माघारी फिरते. पाणी संपलं की काम बंद. मे महिन्यात ह्यांनी स्वतःची प्यायची बाटली त्या टाकीत रिकामी केलेली आहे आणि पुढच्या फाटकापर्यंत तहानलेले गेलेत. हा किस्सा मी लग्नापासून ऐकतेय.

त्यामुळे आमच्या घरात अल्ट्रासाउंडचं काही करून घ्यायचं म्हटलं की यंत्र कुठल्या कंपनीचं हे कुणी विचारत नाही. पाणी कसं सोडतात ते बघतात.

इथे बघितलं. खुर्चीशेजारी वेगळी बाटली, शुद्ध पाण्याची, त्या दिवसाची तारीख घातलेली. तोंडात घालण्याआधी डॉक्टरने टोक वॉशबेसिनवर धरून यंत्र चालू केलं. टोकाभोवती धुक्यासारखा फवारा उठला आणि त्यातून थेंब पडायला लागले. अर्धा मिनिट तसंच सोडून दिलं, नळीत रात्रीचं साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. मग म्हणाली, "चालेल?" मी म्हटलं, "अगं, मला काय विचारतेस?" पण बरं वाटलं. चारचौघांत मी तिला डॉक्टर म्हणते, खुर्चीत मात्र तोंडातून अगंच जातं.

त्याआधी बाहेर एक पानभर प्रश्न होते. मधुमेह, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, पेसमेकर, नुकतं झालेलं ऑपरेशन. मिश्री लावता का हेही स्पष्ट विचारलेलं, आडून आडून नाही. मी खरं लिहिलं. सासूबाईंच्या सोबतीने सवय लागली होती, सोडून ११ वर्षं झाली. लॅबमध्ये नोकरी करणारी बाई मिश्री लावायची याचं कुणाला आश्चर्य वाटेल तर वाटू दे, आमच्या पिढीत घरोघरी डबी असायची. डॉक्टरने ते वाचून भाषण दिलं नाही. गालाच्या आतून बोट फिरवून पाहिलं, जीभ वर करायला लावली आणि "ठीक आहे, दरवर्षी दाखवा" एवढंच म्हणाली.

पेसमेकरचा प्रश्न वाचून हे सरसावून बसले, कारण ह्यांच्या छातीत तो आहे. मग आम्हाला जे सांगितलं ते कुणाच्याही उपयोगाचं आहे. दात साफ करायची अल्ट्रासोनिक यंत्रं दोन जातींची. एकात निकेलच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा असतो आणि भोवती तारेचं वेटोळं. चुंबकीय क्षेत्र बदललं की पट्ट्या लांब-आखूड होतात आणि टोक लंबगोल फिरतं. दुसऱ्यात पट्ट्या नसतात, वीज दिली की आकार बदलणाऱ्या चकत्या असतात, आणि टोक पुढे-मागे सरळ रेषेत हलतं. पेसमेकरवाल्यांनी काळजी करायची ती मुख्यतः पहिल्या जातीची. हिच्याकडे दुसरी. तरी म्हणाली, "काका, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय मी हात लावणार नाही." ह्यांना ते फार आवडलं. रेल्वेत चिठ्ठीशिवाय ह्यांनी काही केलेलं नाही.

वीज दिली की आकार बदलतो म्हणजे आमचा तो क्वार्ट्झच की. दाबलं की वीज देणारे स्फटिक पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लाँजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झ बसवला. पाणबुडी शोधणारी वस्तू माझ्या दाढेमागे कीटण शोधत होती.

प्रत्यक्ष काम कसं होतं ते सांगते. आधी गुलाबी औषधी पाण्याची चूळ. डोळ्यांवर गॉगल, छातीवर टॉवेल. खालच्या ओठाला अडकवलेली थुंकी ओढायची नळी आणि शिवाय मदतनीस मुलीच्या हातात दुसरी, जाड. ती मुलगी ५० मिनिटांत एकदाही चहाला गेली नाही.

यंत्राचं टोक वाकड्या दाभणासारखं, पण धार नाही. सेकंदाला २८ ते ३० हजार वेळा हलतं आणि हलतं ते केसाच्या जाडीएवढं. कान तितकं उंच ऐकत नाही. जो चिर्रर्र आवाज येतो तो फवाऱ्याचा आणि टोक कीटणाला लागल्याचा, दातातून हाडात आणि हाडातून कानात. मला वाटलं होतं ती टोक दातावर टोचणार. तसं नाही. पेन धरतात तितकंच हलकं धरून टोकाची कड दाताला समांतर टेकवायची आणि हिरडीच्या रेषेने सरकवत न्यायची. दाबायचं अजिबात नाही. ट्यूनिंग फोर्क वाजवून दांड्यांवर बोट ठेवलं की बंद पडतो, तसंच इथे, जास्त दाबलं की थरथर मरते आणि नुसतं घासणं उरतं. त्या आठ वर्षांपूर्वीच्या मुलाने सगळा जोर मनगटात आणला होता.

खालच्या पुढच्या दातांच्या मागे जिभेला कायम खडबडीत लागायचं. ते दातच आहेत असं मी समजत होते. तिथे ती दहा मिनिटं होती. एक कपचा निघून जिभेवर पडला, मदतनीसने नळीने ओढायच्या आत मी तो ओठावर आणला आणि हातात घेतला. तांदळाच्या कणीएवढा, बाहेरून तपकिरी, आतून पिवळट, दाताच्या बाजूने गुळगुळीत आणि वाटीसारखा खोलगट. दाताचा ठसा उमटलेला. लाळेतलं कॅल्शियम वर्षानुवर्षं साचून झालेला दगडच तो. ब्रशने कितीही घासा, जात नाही. दात साफ केले की हलायला लागतात ही समजूत कुठून आली तेही तेव्हा कळलं. दगडाच्या आधाराने उभे असलेले दात दगड काढला की आपली खरी अवस्था दाखवतात. माझे हलले नाहीत, पण मधल्या फटी उघड्या पडल्या आणि दोन दिवस जीभ सारखी तिथेच जात होती.

मध्ये एकदा थांबून तिने टोक बदललं. मी विचारलं का, तर ड्रॉवरमधून एक छापील कार्ड काढलं. त्यावर टोकाचं चित्र आणि रेघा. टोक चित्रावर ठेवायचं, झिजून कुठल्या रेघेपर्यंत आलंय ते बघायचं. १ मिलिमीटर झिजलं की कामाची ताकद साधारण पाव भाग कमी होते, २ मिलिमीटरला निम्मी, मग ते टाकून द्यायचं. काढलेलं टोक पहिल्या रेघेच्या जवळ आलं होतं. मला या एका कार्डासाठी पूर्ण तारा द्यावासा वाटला. उपकरण झिजतं हे मान्य करून ते मोजणारी माणसं मी फार कमी पाहिलीत. आमच्याकडे व्हर्निअरचे जबडे घासून गोल झाले तरी "चालतंय की" म्हणायचे.

चूळ भरायला उठवलं तेव्हा तिने माझ्या उजव्या डोळ्याबद्दल विचारलं. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं फेको झालंय. म्हणाली, "काकू, ते ऑपरेशन याच खुर्चीतून निघालंय." न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन मोतीबिंदू छोट्या छेदातून कसा काढावा याच्या मागे होते. दाताच्या डॉक्टरांकडे दात साफ करायला बसले असताना असंच टोक दातांवरून फिरत होतं आणि त्यांना सुचलं की दाताला धक्का न देता दगड फुटतो, तर डोळ्याला धक्का न देता आतलं भिंग का फुटू नये. १९६७ मध्ये त्यांनी ती पद्धत आणली. पोकळ सुई सेकंदाला ४० हजारांच्या घरात थरथरते, कडक झालेलं भिंग फोडते आणि त्याच सुईतून तो चुरा ओढून घेते. छेद तीन मिलिमीटरपेक्षाही लहान. आणि सुईभोवती सतत पाणी खेळतं, सलाईनसारखं, नाहीतर बुबुळ भाजेल. मी ऐकत होते आणि मान हलवत होते, तोंडात नळी असल्यामुळे दुसरं काही करता येत नव्हतं.

माझ्या आईचा मोतीबिंदू शिबिरात काढला होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि नंतर जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. मी सकाळी गेले आणि संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटल्या. लाटू नका असं सांगितलं होतं, ते वेगळं.

पाण्यावरून ह्यांच्या सोनोग्राफीची आठवण झाली, गेल्याच महिन्यातली. ती कुठे केली ते लिहीत नाही, कारण तक्रार आहे. लघवीची तक्रार म्हणून पोटाची सोनोग्राफी, "भरपूर पाणी पिऊन या, मूत्राशय भरलेलं हवं." पाणी का, तर भरलेलं मूत्राशय लहरींना खिडकीसारखं उपयोगी पडतं, पलीकडचं स्वच्छ दिसतं. हे लिटरभर पिऊन गेले. नंबर लागला १ तास ४० मिनिटांनी. ७१ वर्षांच्या माणसाला, प्रोस्टेटचा संशय असताना. मी दोनदा उठून काउंटरला सांगितलं, दोनदा "पुढचाच तुमचा" असं उत्तर मिळालं. भिंतीवर "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" ही पाटी होती, तिच्याकडे बघत बसले. असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ चा. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. यंत्र मूत्राशय बघतं तसंच गर्भही बघतं, बघायला लावणारा माणूस असतो.

आत गेल्यावर काम मात्र चोख. जेल भरपूर लावलं, पोटावर गार पडल्यावर हे दचकले. जेल कशाला हे ह्यांना सांगावं लागलं नाही. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहिली तर जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत. ह्यांनी रेडिऑलॉजिस्टना सांगून टाकलं, "साहेब, हे मी ३० वर्षं रुळावर केलंय. तुम्हाला जेल मिळतं, आम्हाला पाण्यावर भागवावं लागायचं." साहेब हसले नाहीत. पण ह्यांचं बोलणं वाटतं तितकं फालतू नव्हतं. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले, धातूतली चीर शोधणारं यंत्र बघायला. गाडीच्या डिकीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी आणि पाण्याने भरलेले सिस्ट. ताडून बघायला कारखान्याने गोमांसाचा मोठा तुकडा ठेवला होता. गाठीचा आणि सिस्टचा प्रतिध्वनी वेगळा येतो हे तिथे दिसलं, आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. म्हणजे सोनोग्राफीचं माहेर लोखंडाच्या कारखान्यातच. अंग पुसायला ह्यांना टिश्यूचे दोन तुकडे मिळाले. दोन. सदरा अजून चिकट आहे.

परत दाताकडे. पॉलिश झालं, रबराच्या कपाने, पुदिन्याच्या वासाची पेस्ट. पैसे द्यायला बाहेर येताना आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि मला स्टीलचा टब दिसला. वापरलेली हत्यारं आधी त्यात टाकतात, मग पिशवीत बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेत. टब अल्ट्रासोनिक. पाण्यात कोट्यवधी सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि लगेच मिटतात, मिटताना जो बारीक दणका बसतो त्याने खाचाखोचांतला मळ सुटतो.

राहवलं नाही. विचारलं, "फॉइल लावून बघतेस का?" नाही म्हणाली. डब्यातल्या पोळ्यांना गुंडाळतो तीच अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पट्टी कापून टबात उभी धरायची, तळाला टेकवायची नाही, एक मिनिट यंत्र चालवायचं. टब नीट चालत असेल तर पट्टीवर सगळीकडे सारखी भोकं आणि खड्डे पडतात. मदतनीसच्या डब्यातलीच फॉइल घेतली. तीन पट्ट्या, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. डावीकडची चाळणी झाली, मधली बरी, उजवीकडची जवळजवळ कोरी. डॉक्टरचा चेहरा बारावीच्या प्रॅक्टिकलला झाला होता तसा झाला.

मी म्हटलं, थांब, घाई नको. पाणी नुकतंच नळाचं भरलं असेल तर त्यात विरघळलेली हवा असते आणि ती हवाच दणके शोषून घेते. दहा मिनिटं नुसतं चालवू. चालवलं. नव्या पट्ट्या लावल्या. उजवी परत कोरी. म्हणजे पाण्याचा दोष नाही, त्या बाजूचा खालचा थरथरणारा तुकडा गेला असणार. हत्यारं त्यानंतर वाफेत निर्जंतुक होतातच, त्यामुळे माझ्या तोंडात गेलं ते घाण होतं असं नाही. पण मळ सुटला नाही तर वाफ मळावरूनच फिरते, हे तिलाही माहीत होतं. माझ्यासमोर दुरुस्तीवाल्याला फोन लावला, आणि तोवर टबात हत्यारं फक्त डाव्या बाजूला ठेवायची असा कागद लिहून मुलीला दिला. सबब सांगितली नाही. अर्धा तारा कापला तो हे आधी कुणी तपासलं नव्हतं म्हणून, आणि फक्त अर्धाच कापला तो त्या फोनमुळे.

घरी असले टब आता ऑनलाइन मिळतात, सुनेने चष्म्यासाठी घेतलाय. तुमच्याकडे असेल तर हीच परीक्षा करा. स्वस्तातल्या काहींत नुसती मोटर घरघरते, अल्ट्रासोनिक काही नसतं, फॉइल तशीच्या तशी बाहेर येते. आमचा टब पास झाला. ह्यांची कवळी त्यात छान निघते. मोत्यांची नथ किंवा पाचू मात्र त्यात घालू नका. मोती मऊ, वरचा थर खराब होतो, आणि पाचूच्या चिरांत भरलेलं तेल निघून जातं. नणंदेने विचारलं होतं म्हणून सांगितलं.

दवाखान्याच्या बाकीच्या गोष्टी: गाडी लावायला जागा नाही. वेळेवर बोलावतात, मला ११ चा नंबर होता, ११ वाजून ५ मिनिटांनी आत. वेटिंगमध्ये टीव्ही नाही, फार बरं. पावती मागायच्या आधी मिळते.

ह्यांची हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली. मंगळवारी साडेदहाचा नंबर आहे. टब दुरुस्त होऊन आलाय म्हणे. मी सोबत जातेच आहे, फॉइल घरून घेऊन.